आठवड्याचा पाठ आणि शाळेचे येणारे दिवस
(पालकांसाठी व बालवर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक अभ्यासपाठ)



विहारातील रविवारच्या बालवर्गात वंदना झाल्यावर आम्ही मुलांना एक प्रश्न हटकून विचारतो, "या आठवड्यात शाळेत काय शिकवलं?" बहुतेक मुले एकमेकांकडे पाहतात आणि म्हणतात, "काही नाही." हाच प्रश्न आम्ही पालकांना विचारला तर उत्तर मिळते, "रोज शाळेत जातो बघा, एवढं ठाऊक. आत काय चालतं ते गुरुजींना माहीत." या दोन उत्तरांच्या मध्ये आपल्या मुलांचे सारे प्राथमिक शिक्षण अडकून पडले आहे, असे आमचे मत झाले आहे. म्हणून स्मरणिकेच्या या पानांवर नेहमीचे गुणगौरवाचे लेखन न करता एक साधा अभ्यासपाठ देण्याचे आम्ही ठरविले.

एक प्रसंग सांगतो. तिसरीतल्या एका मुलाने वर्गात आम्हांला मराठीच्या पुस्तकातील धडा घडाघडा वाचून दाखविला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. नंतर आम्ही धड्यावरचे चित्र हाताने झाकले, मधल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हटले, "बाळ, एवढा एकच शब्द वाच." त्याला तो वाचता आला नाही. धडा त्याला पाठ होता, अक्षर त्याला ओळखीचे नव्हते. विहाराच्या दारावरील पाटीवर आमच्या मंडळाचे नाव आहे, तेही त्याला लावता येईना. दर वर्षी तो वरच्या वर्गात गेला, त्याच्या प्रगतिपुस्तकावर आईने दर वर्षी अंगठा उठविला, आणि तीन वर्षे हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. दोष मुलाचा नव्हता. कोणी विचारलेच नव्हते. आमचा बालवर्ग चालू असताना आम्हीही विचारले नव्हते, कारण त्याला त्रिसरण-पंचशील उत्तम येत होते.

१. हा प्रश्न जुना आहे

महात्मा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करते, प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले, त्यात त्यांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असा तो हिशेब होता. मूल शाळेत दाखल झाले म्हणजे काम झाले, असे बाबासाहेब मानीत नव्हते. शाळेतून बाहेर पडणारे मूल कायमचे साक्षर झाले पाहिजे, एवढे तरी प्राथमिक शिक्षणाने साधावे, असे त्यांचे म्हणणे होते.

आज परिस्थिती बदलली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१(क) आले, २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आज आपल्या वस्तीतील मूल शाळेच्या पटावर असते. परंतु पटावर असलेले मूल शिकत असतेच असे नाही. पूर्वी मुले शाळेबाहेर निरक्षर राहत, आता शाळेत बसून निरक्षर राहू शकतात. बाबासाहेबांनी मोजलेली गळती डोळ्यांना दिसत होती. ही दुसरी गळती दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे.

२. पायरीपायरीने शिकणे : धम्माची शिकवण

मज्झिम निकायात गणक मोग्गल्लान सुत्त आहे. गणक मोग्गल्लान हा हिशेब शिकविणारा ब्राह्मण. तो तथागतांना म्हणतो की, या प्रासादाच्या जिन्याला पायऱ्या आहेत, आमच्या गणिताच्या विद्येतही क्रम आहे. शिष्य आला की आम्ही त्याला आधी एक, मग दोन, मग तीन असे मोजायला लावतो आणि शंभरापर्यंत नेतो. तुमच्या धम्मविनयात असा क्रम आहे काय? भगवंतांनी सांगितले की, होय, येथेही क्रमानेच शिकविले जाते. त्यांनी शीलापासून ध्यानापर्यंतचा एकेक टप्पा त्याला समजावून दिला.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या संवादात पहिलीच्या वर्गाचे सारे शास्त्र आले आहे. पायरी सुटली की जिना चढता येत नाही. ज्या आठवड्यात 'दशक-एकक' शिकविले त्या आठवड्यात मूल घरी राहिले, तर पुढच्या महिन्यातील हातच्याची वजाबाकी त्याला येणार नाही. आपण मात्र म्हणतो, "आमच्या पोराला गणितात डोकंच नाही." डोके आहे. मधली एक पायरी गळाली आहे.

सिगालोवाद सुत्तात आचार्य आणि शिष्य यांची परस्परांची पाच-पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याने आदराने उठावे, सेवा करावी, लक्ष देऊन ऐकावे व विद्या नीट ग्रहण करावी. आचार्याने चांगले वळण लावावे, शिकविलेले शिष्याला नीट समजेल असे करावे, हातचे राखून न ठेवता सर्व विद्या द्यावी. त्याच सुत्तात आईबापांची कर्तव्ये आहेत. त्यांत मुलांना वाईटापासून आवरणे आणि विद्या-शिल्प शिकविणे ही दोन आहेत. म्हणजे मुलाला शाळेच्या फाटकात सोडल्याने आईबापांचे कर्तव्य संपत नाही.

३. एका आठवड्याची किंमत

२००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास ठरविले आहेत. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास आहेत. म्हणजे लहान मुलाला दिवसाला सरासरी ४ तास शिकणे मिळते. आता हिशेब करू या.

आठवड्याला सहा दिवस शाळा धरली तर २०० दिवसांचे सुमारे ३३ आठवडे होतात. खेड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी कित्येक मुले शाळेत नसतात. आई बाजारात बसते, धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवतात. आठवड्यातला एकच दिवस, असे आपल्याला वाटते. पण वर्षाचे ते ३३ दिवस होतात, म्हणजे सुमारे १३० तास. पहिली ते चौथी या चार वर्षांत असे १३२ दिवस बुडतात. शाळेच्या एका वर्षाचे दिवस २००, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश वर्ष त्या मुलीने पाहिलेलेच नाही. शिवाय तो नेमका एकच वार असतो. गुरुजींनी सोमवारी नवा घटक काढून मंगळवारी सराव घेण्याचा क्रम ठेवला असेल आणि बाजार मंगळवारचा असेल, तर त्या मुलीला वर्षभर सराव असा मिळतच नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे दुःख याहून मोठे आहे. दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग फडावर जातो. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकही दिले जाते. जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून या दोन्हींची विचारणा करावी. आजी-आजोबा गावात असतील तर मूल त्यांच्याजवळ ठेवावे, आणि त्याच्या अभ्यासाकडे पाहण्याची जबाबदारी मंडळाच्या एका कार्यकर्त्याने नाव घेऊन उचलावी. 'कोणीतरी बघेल' असे म्हटले की कोणीच बघत नाही.

४. घरचा आठवडा

आता मुख्य पाठाकडे वळू. आमच्या अनेक माता-भगिनी म्हणतात, "आम्ही अडाणी, आम्ही काय अभ्यास घेणार?" त्यांच्यासाठीच हा क्रम आम्ही बसविला आहे. रोज वीस मिनिटे पुरतात. वही, पुस्तक आणि काड्यापेटीतील काड्या एवढेच साहित्य लागते.

सोमवार : नवे काय? "शाळेत काय शिकवलं?" असे विचारू नये, त्याचे उत्तर 'काही नाही' हेच येते. "आज फळ्यावर काय लिहिलं होतं? कोणतं चित्र पाहिलं? कोणतं गणित सोडवलं?" असे नेमके विचारावे. मुलाने सांगितले की, "मला शिकव बघू," म्हणावे. आईला शिकविताना मुलाचे कच्चे कुठे आहे ते त्याचे त्यालाच कळते.

मंगळवार : वाचन. आई भाकरी थापत असताना मुलाने शेजारी बसून मोठ्याने वाचावे. वाचता न येणाऱ्या आईलाही पारख करता येते. चित्र झाकावे. धड्याच्या मधूनच एखाद्या ओळीवर बोट ठेवावे. मूल पहिल्यापासून म्हणत म्हणत त्या ओळीपर्यंत येत असेल तर ते पाठ म्हणत आहे, वाचत नाही. मग न शिकविलेले पान उघडून द्यावे. तेथे अडखळले तरी चालेल, अडखळत वाचणे हे खरे वाचणे आहे. वाचून झाल्यावर "गोष्ट काय होती?" एवढे अवश्य विचारावे.

मराठी वाचताना मुले बहुधा जोडाक्षरांपाशी थांबतात. त्यांतही 'र'ची रूपे कठीण जातात. 'सूर्य' मधला रफार वर जातो, 'चक्र' मधला र खाली येतो, 'राष्ट्र' मध्ये तो वेगळाच दिसतो. आपल्या विहारात या अभ्यासाला साहित्य भरपूर आहे. 'धर्म' आणि 'धम्म' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून द्यावेत आणि फरक विचारावा. 'प्रज्ञा', 'पौर्णिमा', 'त्रिशरण', 'धम्मचक्र' हे शब्द कार्डांवर लिहून ओळखायला लावावेत. मात्र वंदनेचे पुस्तक वाचनाच्या परीक्षेसाठी वापरू नये, ते मुलांना तोंडपाठ असते.

बुधवार : गणित. येथे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण दुसरी-तिसरीतील पुष्कळ मुलांचे गणित येथेच मोडते. ४२ मधून १७ वजा करा, असे सांगितले तर कित्येक मुले उत्तर लिहितात ३५. ती काय करतात? २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून २ वजा करून ५ लिहितात, आणि ४ मधून १ वजा करून ३ लिहितात. मूल निष्काळजी नसते, त्याने आपल्या समजुतीने एक नियम बनविलेला असतो. नुसती लाल फुली मारून तो नियम जात नाही.

त्याला काड्या द्याव्यात. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे दोऱ्याने बांधावेत आणि दोन काड्या सुट्या ठेवाव्यात. हे झाले ४२. आता त्यातून १७ काढ, म्हणावे. सुट्या दोनच आहेत, सात कशा देणार? मूल आपण होऊन एक गठ्ठा सोडते. आता सुट्या १२ झाल्या, गठ्ठे ३ उरले. सात काड्या दिल्या, ५ उरल्या. एक गठ्ठा दिला, २ उरले. उत्तर २५. गठ्ठा सोडण्याच्या या कृतीलाच वहीत दशक सुटे करणे म्हणतात. हातांनी चार-पाच वेळा केले की मग ते मुलाच्या डोक्यात बसते. ज्या माउलीला अंक वाचता येत नाहीत तीही बाजारात पैशांचा हिशेब बिनचूक करते. तिला हा पाठ घेता येईल.

गुरुवार : लेखन. फळ्यावरचे उतरवून काढणे म्हणजे लेखन नव्हे. मुलाने स्वतःच्या मनाच्या पाच ओळी लिहाव्यात. आज कोण भेटले, काय खाल्ले, पाऊस पडला की नाही, काहीही चालेल. चुका मोजू नयेत. 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिले म्हणून हसू नये. घरची बोली ही चूक नव्हे, ती आपल्या आईची भाषा आहे. पुस्तकात हा शब्द असा लिहितात, एवढेच प्रेमाने सांगावे. बोलीवरून हसले गेलेले मूल वर्गात तोंड उघडत नाही, आणि न बोलणारे मूल मागे पडते.

शुक्रवार : परिसर. आडातले पाणी, शेतातले पीक, गावची ग्रामपंचायत, घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांवर बोलावे. तिसरी-चौथीतील परिसर अभ्यास हाच आहे. आजोबांनी सांगितलेली पाण्याची किंवा दुष्काळाची गोष्ट मुलाने सोमवारी वर्गात सांगावी.

शनिवार : वह्या पाहणे. आठवड्याची वही उघडावी. गुरुजींनी तपासली आहे का? लाल शाईची खूण कुठे आहे? एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते का? पाने कोरी आहेत का? ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कोरे पान दिसते.

रविवार : विहार. बालवर्गात वंदनेनंतर अर्धा तास या सहा दिवसांच्या उजळणीला द्यावा. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे. सातवीतल्या मुलीने पहिलीतल्या मुलाला शिकविले तर दोघांचाही पाया पक्का होतो.

आणखी एक गोष्ट येथेच सुचवितो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे वर्षावास असतो, ठिकठिकाणी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. शाळेचे पहिले सत्रही साधारण याच काळात असते. मोठी माणसे ग्रंथवाचनाला जमतात, त्या वेळी मुले बाहेर दंगा करतात आणि आम्ही त्यांना दटावतो. त्याऐवजी त्याच वेळी विहाराच्या ओट्यावर मुलांचा वाचनवर्ग बसविला, तर वर्षावासाचे तीन महिने त्यांच्याही कारणी लागतील. यासाठी वेगळा निधी लागत नाही, एक सतरंजी आणि एक दिवा पुरतो.

५. शाळेचे येणारे दिवस

शाळेचे वर्ष नुसत्या धड्यांचे नसते, दिनविशेषांचेही असते. हे दिवस आपल्याला आधीच माहीत असतात. म्हणून त्यांची तयारी भाषण पाठ करण्यात न घालवता चालू आठवड्याच्या अभ्यासाशी जोडावी.

जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो. पहिलीत नाव घालताना रजिस्टरातील मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात ही नोंद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. पुढे दाखल्यांच्या वेळी हीच नोंद पाहतात आणि चूक दुरुस्त करताना चपला झिजतात.

१५ ऑगस्टला झेंडावंदन असते. मुलाने झेंड्याचे तीन रंग आणि मधले अशोकचक्र काढावे, चक्राचे २४ आरे मोजावेत. ते चक्र सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभावरून घेतलेले आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. हा दिवस सहामाही परीक्षेच्या आगेमागे येतो. नागपूरला जाणाऱ्या कुटुंबांनी परीक्षेचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिवा रामजी आंबेडकर याचे नाव सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या बालकाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी वाढल्याशिवाय त्याला पाणी पिता येत नसे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. विद्यार्थी दिनाला मुलांकडून भाषण जरूर करवावे, पण त्या दिवशी आपण मोठ्यांनी शाळेत जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात. पाण्याची टाकी सर्वांना एकच आहे ना? पोषण आहाराच्या पंगतीत सर्व मुले मिसळून बसतात ना? प्राथमिकच्या मुलाला या आहारातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. ताटात काय पडते तेही पाहावे. पाहणे म्हणजे भांडणे नव्हे.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले. संविधान दिनाला उद्देशिका सामुदायिकपणे म्हणतात. आदल्या आठवड्यात चौथी-पाचवीच्या मुलांनी तीतील चारच शब्द घ्यावेत : न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. प्रत्येक शब्दाला वर्गातले एक उदाहरण शोधावे. फळा पुसण्याची पाळी सर्वांना मिळते, ही समानता. पडलेल्या मुलाला उचलतो, ही बंधुता. अर्थ कळला की शब्द विसरत नाही.

६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती, त्यांचा जन्म १८३१ सालचा. शाळाशाळांतून मुली नऊवारी नेसून सावित्रीबाई होतात, ते पाहून ऊर भरून येतो. पण त्याच मुलीला सावित्रीबाईंवर न पाहता पाच वाक्ये लिहिता आली तर त्या माउलीचे ऋण काही अंशी फिटेल. ११ एप्रिलला जोतीरावांची जयंती येते.

हिवाळ्यात स्नेहसंमेलन आणि बाल आनंद मेळावा असतो. मेळाव्यात मुले भाजीपाल्याची, खाऊची दुकाने मांडतात. याला खेळ समजू नये. किती रुपयांचा माल घेतला, किती विकला, किती उरला, नफा की तोटा, हा हिशेब मुलाने स्वतः वहीत मांडावा. बुधवारच्या काड्यांचे गणित तेथे उपयोगाला येते.

आता १४ एप्रिलविषयी आम्हांला आमचाच दोष सांगितला पाहिजे. जयंतीच्या आधी आम्ही लेझीम, नाटुकली आणि भाषणांचा सराव रात्री उशिरापर्यंत घेतो. त्याच सुमारास वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. मुले दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतात. ज्या महामानवाने दिव्याखाली रात्र रात्र अभ्यास केला, त्यांच्या जयंतीसाठी आम्ही मुलांची झोप आणि अभ्यास बुडवितो, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली. म्हणून मंडळाच्या सभेत आम्ही ठराव केला आहे की, बालकार्यक्रमाचा सराव फेब्रुवारीत सुरू करावा, रविवारीच घ्यावा आणि रात्री आठनंतर एकाही मुलाला सरावाला थांबवू नये. इतर मंडळांनीही याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

पाचवीच्या पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्यात येऊ लागली. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी असते, तीतही अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात राहावे लागते. म्हणजे पहिलीत सुटलेल्या पायरीचा जाब पाचवीत द्यावा लागतो. नवोदय विद्यालयाची सहावीच्या प्रवेशाची परीक्षाही मूल पाचवीत असतानाच होते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्ता शासन वेळोवेळी बदलत आले आहे, म्हणून ती कोणत्या वर्गाला आणि केव्हा आहे हे वर्षारंभीच मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.

६. शाळा व्यवस्थापन समिती : आपले हक्काचे स्थान

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्या वस्तीतील किती भगिनी या समितीवर आहेत? असल्या तर सभेला जातात की वही घरी आली की अंगठा देतात? सभेत बसून तीन प्रश्न विचारावेत. आमच्या मुलांपैकी किती जणांना वाचता येते? ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी या महिन्यात काय करणार? त्यात आम्ही घरून काय मदत करू?

तिसरा प्रश्न विसरू नये. शिक्षकांवर जनगणनेची आणि निवडणुकीची कामे असतात. कोठे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. जो पालक मदतीची तयारी दाखवितो, त्याच्या प्रश्नाला शिक्षक मनापासून उत्तर देतात, असा आमचा अनुभव आहे. आणि मुलादेखत गुरुजी-बाईंची निंदा करू नये. सिगालोवाद सुत्तातील शिष्याची कर्तव्ये आपण मुलाला शिकवायची आणि घरात त्याच्या उलट बोलायचे, हे शोभत नाही.

७. मंद कोणी नाही

शेवटी चुल्लपंथकाची कथा. महापंथक आणि चुल्लपंथक हे दोघे भाऊ भिक्खू झाले. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला विहार सोडून जायला सांगितले. तो रडत निघाला असता भगवंतांनी त्याला थांबविले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र हातात दिले आणि मळ दूर होतो अशा अर्थाचा एकच शब्द म्हणत ते चोळायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि ते पाहून चुल्लपंथकाला अनित्यतेचे ज्ञान झाले. तो अर्हत झाला. राहुललाही भगवंतांनी पाण्याचे भांडे दाखवून सत्याचा पाठ दिला. जे शब्दांनी कळत नाही ते वस्तूने कळते, ही तथागतांची अध्यापनाची रीत होती. ज्याला 'मंद' म्हणून घालवून दिले होते, त्याला फक्त निराळ्या रीतीची गरज होती.

लेखाच्या आरंभी सांगितलेला तिसरीतला मुलगा आमच्याकडे दर रविवारी येतो. आम्ही त्याला धडा दिला नाही. त्याच्या नावाची अक्षरे कार्डांवर लिहून दिली, मग आईच्या नावाची, मग गल्लीतल्या दुकानांच्या पाट्यांची. पावसाळा संपता संपता एके रविवारी तो दारातच थांबला. विहाराच्या पाटीवरचे एकेक अक्षर त्याने बोटाने दाखवीत लावले. 'बौद्ध' या शब्दातील जोडाक्षराशी बराच वेळ अडला, आणि मग त्याने तो वाचला. त्याची आई मागे उभी होती. तिने आम्हांला विचारले, "गुरुजी, हे खरंच वाचलं का यानं, की पाठ आहे?" तिने हा प्रश्न विचारला, याचा आम्हांला त्या वाचनाइतकाच आनंद झाला.

बाबासाहेबांच्या संदेशातील पहिला शब्द 'शिका' हा आहे. तो वर्षातून एकदा बॅनरवर लिहिण्यासाठी नाही, दर आठवड्याला घरात विचारण्यासाठी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न (बालवर्गाच्या व पालकांच्या सभेत चर्चा करावी)
१. आपल्या मुलाने गेल्या आठवड्यात शिकलेल्या दोन गोष्टी सांगा.
२. वाचणे आणि पाठ म्हणणे यांतील फरक घरी कसा ओळखाल?
३. ६३ मधून २८ वजा करणे काड्यांच्या गठ्ठ्यांनी करून दाखवा.
४. आपले मूल महिन्यात किती दिवस गैरहजर होते? कोणत्या वारी? का?
५. पुढील महिन्यात शाळेत कोणते दिवस येत आहेत, आणि त्यांसाठी घरी काय तयारी कराल?

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!